तीन कोरडे शर्ट

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची लेखी तक्रार अशी होती, की वरच्या बिऱ्हाडाच्या कपड्यांतून पाणी गळत नाही.

पाणी गळतं म्हणून इमारतीत पोत्याने तक्रारी झाल्या होत्या. गळत नाही म्हणून ही पहिलीच. काकूंचं म्हणणं, वर नवी दोरी लागून महिना झाला, तिच्यावर पहिल्या दिवसापासून तेच तीन शर्ट आहेत, आणि खालच्या कुंड्यांत थेंब नाही. ज्या घरातले कपडे ओलेच होत नाहीत, त्या घरात काहीतरी शिजतंय.

शनिवारी सकाळी साडेआठला सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर हजर झाले. हातात तक्रार, खिशात टेप. पाठीमागे त्यांना सगळे 'कलम' म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि तरी त्यांनी त्याविरुद्ध कलम काढलं नव्हतं, एवढाच त्यांचा मोठेपणा.

दार भाडेकरूने उघडलं. हा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता आणि दोरी म्हणजे त्याच्या हाताने बांधलेली एरियल होती. हिरव्या प्लास्टिकमधली तांब्याची तार, दोन्ही टोकांना चिनी मातीचे तुकडे, मधल्या जोडावर पायमोजा, आणि तिथून पडद्यामागून आत आलेली केबल. घरबसल्या परदेशातल्या माणसाशी बोलता येतं त्या हौशी रेडिओचं सरकारी लायसन्स कपाटात होतं. पण सरकारची परवानगी वेगळी आणि सोसायटीची वेगळी. भाडेकरारात साफ लिहिलं होतं, की इमारतीला एरियल, डिश वा तार लावणाऱ्याने महिन्याभरात जागा खाली करावी.

एवढी जोखीम त्याने वडिलांसाठी घेतली होती. वडील जन्मभर जहाजावर वायरलेस ऑपरेटर. आता समुद्रापलीकडे लेकीकडे राहत. फोनवर ते "बरंय, ठेव" यापलीकडे जात नसत. रेडिओवर मात्र रोज सकाळी सातला, आपली पाळी आली की बोलत सुटत. गुडघा, जावई, हवा, आणि एकदा तर आईबद्दल. आई गेल्यापासून त्यांनी तिचं नावही काढलं नव्हतं.

कलम खिडकीपाशी गेले. त्यांनी शर्टाची बाही चिमटीत धरली.

"वाळत घातलेत," भाडेकरूची बायको म्हणाली.

"महिनाभर?"

"कापड जाड आहे."

त्यांनी टेप काढली. पायमोज्यापासून डावीकडे साडेसोळा फूट, उजवीकडे साडेसोळा फूट. दोन्ही आकडे डायरीत गेले. कपड्यांची दोरी इतकी नेमकी कोण बांधतं, असं त्यांनी विचारलं. नवरा ड्राफ्ट्समन आहे, तो पोळीसुद्धा कर्कटक लावून खातो, असं बायकोने सांगितलं. पायमोज्याचा जोडीदार कुठे आहे, हेही त्यांनी विचारलं. तो हरवला म्हणूनच हा वाळतोय, या तिच्या उत्तरावर कलमांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

मग ते उगाच घरभर फिरले. खिडकीचं तोंड कुठल्या दिशेला आहे? पलीकडच्या टाकीची आडकाठी होते का? सकाळी उठता कधी?

"आठला," नवरा म्हणाला.

"सहाला," त्याच क्षणी बायको म्हणाली.

कलमांनी दोघांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि पडदा दोन बोटं सरकवला. केबलकडे ते बराच वेळ बघत राहिले. चोराला मुद्देमालासकट पकडणारा माणूस बघतो, तसं.

ड्राफ्ट्समनचा धीर सुटला. त्याने लायसन्स काढून दाखवलं, कोणाच्या टीव्हीला त्रास होत नाही म्हणून सांगितलं. वडिलांचं नाव मात्र घेतलं नाही. बापलेकांत जे फोनवर निघत नाही, ते सेक्रेटरीपुढे काय काढायचं?

"तार आत, भिंतीला लावली तर?" त्याने विचारलं.

"आत चालायची नाही."

"मग निदान चार दिवस द्या, साहेब."

"तक्रार लेखी आहे," कलम म्हणाले. "आत्ता उतरवा. माझ्यासमोर."

त्याने उतरवली. खाली काकू मान वर करून शेवटच्या गाठीपर्यंत उभ्या होत्या. बायकोने तीनही शर्ट घडी घालून कपाटात ठेवले. उद्या सातला तिकडे म्हातारा हाक मारून उत्तरासाठी थांबेल, पुन्हा हाक मारेल, पुन्हा थांबेल. मग त्याला फोन करावा लागेल, आणि तो म्हणेल, बरंय, ठेव.

कलमांनी तक्रारीवर 'निकाली' असं लिहून सही केली, तारेचं वेटोळं स्वतः नीट बांधून त्याच्या हातात दिलं आणि दाराकडे वळले. ड्राफ्ट्समन त्यांना सोडायला गेला तो केवळ रीत म्हणून. जिन्यात आल्यावर कलमांनी वर बघितलं, खाली बघितलं, काकूंचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत थांबले आणि हळू आवाजात म्हणाले,

"उद्या पावणेसातला माझ्याकडे या. बेल वाजवू नका, दार नुसतं लोटलेलं असेल. महिनाभर ऐकतोय, वडिलांना प्रत्येक वाक्य तीन-तीनदा विचारता तुम्ही. माझ्या सेटवर त्यांचा शब्द न् शब्द येतो."