मंडईची सावली

चौसष्ट साली कर्जतला दुमजली मंडई बांधायचं ठरलं. साहेबांनी नकाशा दाखवला, नारळ फोडला आणि गेले, ते गेलेच. पण पोशीरच्या नागूने त्याच दिवशी नकाशावर बोट टेकवून सांगून टाकलं होतं, "वरचा पयला गाळा आमचा!" पुढे नागूही वारला.

त्याची बायको येसूबाई मंडईसाठी ठरलेल्या, अजून उघड्याच असलेल्या पटांगणात माझ्या शेजारी भेंडी विकते. दुपार कलली की ती टोपली उचलून दहा पावलं सरकते. तिथे सावली पडते. आसपास झाड नाही, भिंत नाही, तरी चौकोनी, गार सावली पडते आणि आम्ही सगळ्याजणी मुकाट तिच्यात बसतो. मे महिन्याच्या उन्हात कोण कारण विचारतं!

काल त्या सावलीच्या टोकाला कठडा उमटला. कठड्यावरून मुंडासं बांधलेलं एक डोकं खाली वाकलं.

येसूबाईने पदर सावरला. नवऱ्याचं नाव ती अजूनही घेत नाही.

"अवो," ती लाजून म्हणाली, "जागा धरून ठेवलीत ना?"

सावलीने हात हलवला.

"शकू, माझी भेंडी बघ गं जरा," ती मला म्हणाली. मग रिकाम्या पटांगणात तिने पाऊल उचललं. ते जमिनीच्या वीतभर वरच टेकलं. मग दुसरं, त्याच्याही वर.