चार ओनिगिरी

“थीम पार्कमधलं जेवण महिनाभर आधी ठरवायचं? आई, लग्नाचा हॉल आहे का तो! गेल्यावर बघू,” असं म्हणून चिझुरूने सासूबाईंना गप्प केलं होतं.

आज पहिल्यांदाच तिथे आल्यावर बघितलं, तर प्रत्येक हॉटेलबाहेर दोन तासांची रांग. दोन्ही मुलांनी भोकाड पसरलं. शेवटी चिझुरू नवऱ्याला आणि मुलांना घेऊन सासूबाईंच्या मागोमाग मुकाट्याने फाटकाबाहेरच्या बाकांवर आली, कारण घरचं खाणं आत चालत नव्हतं. सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला. आत चार ओनिगिरी होत्या, घरच्या भाताचे वळलेले मुटके.

चिझुरू खजील झाली. “आई, माणसं पाच आणि ह्या चारच? तुम्हाला?”



सासूबाईंनी घड्याळ बघितलं, ओठांना हलकीशी लिपस्टिक लावली. “तुमचं चालू द्या निवांत. माझं आत एक वाजताचं टेबल आहे, महिन्यापूर्वीच सांगून ठेवलंय.”