वाचून टाका रे कुणीतरी

संपादकबाईंच्या फीड रीडरमध्ये दोनशे साइट्सवरच्या बातम्या येऊन पडत. वाचायच्या राहिलेल्यांचा आकडा कोपऱ्यात लाल रंगात दिसे, आणि रोज संध्याकाळी बाई ‘सगळं वाचलं’ हे बटण दाबून स्वतःचीच समजूत घालत. सोमवारी आकडा दोन हजारांवर गेला, तेव्हा मात्र त्या वैतागून मोठ्याने म्हणाल्या, “वाचून टाका रे कुणीतरी हे एकदाचं!”

मंगळवारी आकडा आपोआप उतरू लागला.

आधी त्यांना हायसं वाटलं. मग लक्षात आलं, की चार ओळींची बातमी पटकन जाते, पण लांबलचक लेखाला दहा-बारा मिनिटं लागतात. एक लेख तर पुन्हा ‘न वाचलेला’ झाला आणि पुन्हा तेवढाच वेळ घेऊन गेला. आवडला असावा.

“तू माझा लॅपटॉप उघडतोस का रे?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“मला माझ्याच मेल वाचवत नाहीत,” तो हसला.

बाईंनी पासवर्ड बदलला, वाय-फायसुद्धा बंद केलं. आकडा उतरतच राहिला.

गुरुवारी दुपारी तो शून्यावर आला. बाई जागच्या जागी बसून राहिल्या. आता तिथे वाचायला काहीच उरलं नव्हतं.

पलीकडच्या खोलीत मुलगी गोष्टीचं पुस्तक घेऊन एकटीच बसली होती. तिचा चिडका आवाज आला.

“आई, थांब ना गं! माझं अजून वाचून व्हायचंय, पान काय उलटतेस?”