नवसाची गुंडाळी

आईच्या खांद्यावरची ती लाल गुंडाळी तिसऱ्यांदा कुणाच्या तरी कानात घुसली, आणि तिसऱ्यांदा माफी यीनानने मागितली.

"आडवी धर ना, आई."

"आडवी धरली की चुरगळते. देवीला चुरगळलेलं देऊ?"

थायशान डोंगराच्या माथ्यावर पहाटे साडेचारला एवढी माणसं होती की पूर्वेकडे तोंड करायलाही रांग होती. सगळ्यांच्या अंगात भाड्याचे हिरवे लष्करी कोट. यीनानच्या कोटाला आधीच्या कुणाच्या तरी नूडल्सचा वास येत होता. आईच्या कोटाला येत नव्हता, कारण आईने दुकानात अकरा कोट हुंगून बारावा घेतला होता.

गुंडाळी म्हणजे नवस फेडायची रेशमी पताका, सोनेरी अक्षरांची. गेल्या वर्षी आई इथल्या देवीला नवस बोलली होती. "तुझ्या संसारासाठी," एवढंच ती सांगायची. आता नवस पावला होता म्हणे. ज्याच्यासाठी बोललो त्याने शेजारी गुडघे टेकायचे, नाव-गाव सांगायचं आणि 'पावलीस' म्हणायचं. पताकेवर काय लिहिलंय ते देवीच्या आधी कुणी वाचायचं नाही. हा शेवटचा नियम आईने कालच काढला होता.

यीनानचा घटस्फोट होऊन आठ महिने झाले होते. आईच्या लेखी जावई कामासाठी छंगदूला होता. एवढ्या काळात छंगदू पाडून नव्याने बांधून झालं असतं. सूर्य उगवला की देऊळ. म्हणजे यीनानच्या हातात अर्धा तास होता. आईशी खोटं बोलणं जमतं, तिला जमलंच होतं. पण आई आणि देवी, दोघींशी एकदम?

"धर हे." आईने गुंडाळी तिच्या हातात कोंबली. "मी जाऊन येते. जागा सोडू नकोस. कुणी सरकायला सांगितलं तर आई चावते म्हण."

आई गेली आणि धुकं आलं. थोड्या वेळाने शेजारी हिरवा कोट येऊन टेकला. कॉलर कानापर्यंत, टोपी भुवयांपर्यंत. थरमॉसचं झाकण फिरल्याचा आवाज आला. यीनानने धुक्याकडेच बघत एका दमात सांगून टाकलं.

"मध्ये बोलू नकोस. आम्ही वेगळे झालो. कागदपत्रं होऊन आठ महिने झाले. तो छंगदूला नाही, चार गल्ल्या पलीकडे त्याच्या आईकडे राहतो. मारहाण-बिरहाण काही नव्हती. फक्त तो घरात असला की मी दाराबाहेर उभी राहून उगाच किल्ली शोधत बसायचे. मला देवीसमोर पावलीस म्हणायला लावू नकोस. आता ओरड."

कोट ओरडला नाही. त्याने चहाचा घोट घेतला.

"पोरी," कोट जाड आवाजात म्हणाला, "मला मिशा आहेत."

होत्या.

"पण किल्लीचं कळलं मला," आजोबा म्हणाले. "मी बत्तीस वर्षं शोधली."

पुढचा कोट वळला. त्यात एक बाई होती. "वय किती गं तुझं? माझा भाचा आहे जिनान शहरात. दातांचा डॉक्टर. त्याचंही एकदा मोडलंय, म्हणजे बरोबरी झाली." तिने फोनवर त्याचा फोटो उघडून पुढे केला. फोन आजोबांकडून मागच्या रांगेत गेला.

"कान मोठे आहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

"मोठे कान म्हणजे मोठं नशीब!" बाई कडाडली.

"मला भाचा नकोय!" यीनान किंचाळली. "मला माझी आई हवीय, आणि तीसुद्धा पाच मिनिटांनी!"

"आले की," मागून आई म्हणाली. "कुणाचं मोडलं?"

वीस-पंचवीस हिरवे कोट एकदम धुक्याचा अभ्यास करू लागले.

"माझं," यीनान म्हणाली.

आईने खिशातून उकडलेलं अंडं काढलं, यीनानच्या गुडघ्यावर फोडलं आणि सोलायला घेतलं. "आठ महिने झाले. व्हिडिओ कॉलवर तुझ्या दाराशी सपातांचा एकच जोड दिसतो. छंगदूला जाताना माणूस घरातल्या सपाता नेतो होय गं?"

"तुला माहीत होतं? मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

"त्यासाठी सहा हजार पायऱ्या?"

"घरी तू फोन ठेवून देतेस. इथून कुठे जाशील?"

"आणि तो नवस? संसारासाठीचा?"

आईने अख्खं अंडं तोंडात टाकलं आणि गुंडाळीचं एक टोक तिच्या हातात दिलं. दुसरं टोक धरून ती माणसांच्या पायांवर पाय देत बाजूला गेली. पताका उलगडली, लालभडक, तीन माणसं लांब, अक्षरं मागच्या गर्दीकडे. यीनानला दिसलं ते नुसतं अस्तर. मध्ये पीळ बसला होता. आजोबांनी उठून, मागे जाऊन अर्धी सरळ आणि अर्धी मान वाकडी करून मोठ्याने वाचली.

"माते, मागितलं ते दिलंस. लेक सुखरूप परत आली."

आजोबांनी थरमॉस यीनानसमोर धरला, पण तिचे हात मोकळे नव्हते.

तेवढ्यात पुढे आरडाओरडा झाला. धुकं फाटलं होतं.

"ओ आजी! खाली घ्या ते!" मागून ओरडा सुरू झाला. "सूर्य! सूर्य दिसत नाहीये!"

आईचा हात तसूभरही खाली आला नाही. इलाज नाही म्हटल्यावर मागच्यांनी पताकेचेच फोटो काढायला सुरुवात केली.

"सूर्याला उद्याही यायचंय," आई म्हणाली. "नान-नान, तुझं टोक उलटं आहे. सुलटं कर."