जीव न घेणारा रंग

अंधाऱ्या खोलीत पडद्यावर एक जिवंत पेशी दिसत होती आणि तिच्या पोटातले धागे हिरवेगार पेटले होते. नुसत्या पाण्यात हा रंग मुका. धाग्याला चिकटला की मगच उजळतो. आधीचे रंग धागे दाखवायचे, पण पेशीचा जीव घ्यायचे. हा घेत नव्हता.

सुनेनं रंगाच्या रेणूची शेपटी बदलून बदलून तो घडवला होता. कणीक मळतानाही ती शेपट्याच पुटपुटायची. "माकडं पाळलीस की काय?" असं सासू विचारायची.

आज बक्षीस ठरवणारे दोन पाहुणे प्रयोगशाळेत आले होते. सासूबाईही कौतुकानं येऊन बसल्या होत्या. ज्याचं नाव ते घेऊन जाणार, जगासाठी रंग त्याचाच. नवरा प्रयोगशाळेचा प्रमुख, त्यामुळे बोलायचा मानही त्याचा.

"शेपटी बदलायचं मलाच सुचलं," तो म्हणाला. "आमच्या हिची मदत झाली हो. बाटल्या धुण्यापासून सगळी."

पाहुणे हसले. सुनेनं सासूकडे पाहिलं. पहिली पेशी जगली त्या दिवशी ती धावत आधी सासूबाईंकडेच गेली होती. नवऱ्याला नंतर कळलं.

सासूबाई खुर्चीत सावरून बसल्या.

"लहानपणापासून हुशारच तो," त्या म्हणाल्या.

आयत्या बिळावर नागोबा बसायचाच. पण त्याला वाट दाखवायला घरातल्या थोरल्या माणसानं उठावं?

नवऱ्याच्या तोंडाला खळ नव्हता. सूक्ष्मदर्शकाचा दिवा पेशीवर तसाच जळत होता. पाहून झालं की दिव्यापुढची झडप लावायची, नाहीतर रंग विटतो आणि पेशी भाजते. एरवी ते सूनच बघायची. आजही झडपेची कळ तिच्या हाताशी होती. धागे फिके पडत चालले. पेशी अंग आखडून घेऊ लागली. नवऱ्याची पाठ पडद्याकडे होती.

सुनेनं हात मागे घेतला. विटू दे. पाहू दे सगळ्यांना.

मग तिनं कळ दाबली. त्या बिचाऱ्या पेशीनं कुणाचं काय खाल्लं होतं?

पडदा काळा झाला. खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

"सूनबाई," सासूबाई चाचपडत उठल्या, "हात दे गं जरा."

"त्यांचा धरा, आई," सून म्हणाली. "लहानपणापासून हुशार आहेत."