हसरा मासा

किनाऱ्यालगत दोघी बहिणींचा छोटासा डिझाइन स्टुडिओ होता. हॉटेलवाल्याने सांगितलं म्हणून धाकटीने किनाऱ्यावर लावायचा फलक केला. लाल, ठसठशीत अक्षरं: ‘पाण्यात उतरू नका.’

“अहो, गिऱ्हाइकं पळतील! जरा गोड करा,” तो म्हणाला.

हातचं काम जायला नको म्हणून थोरलीने हसरा मासा काढला आणि इशारा खाली बारीक अक्षरांत टाकला.

महिन्याभरात तिथे एक चिमुरडी बुडाली. तिचा बाप स्टुडिओच्या दारात उभा राहिला, तेव्हा थोरली पुढे झाली.

“मीच केला तो फलक. काय बोलायचं ते बोला मला.”

“तिला अजून वाचता येत नव्हतं हो. मासा बघून धावत सुटली,” तो म्हणाला. “दुसरा करा, ताई. तो लागेपर्यंत मी तिथे उभा आहे.”