चाळीस शर्ट, चाळीस नावं

"आई, त्याला सांग, माझ्या शर्टांना हात लावू नकोस म्हणावं. शाई ओली आहे."

थोरला हे धाकट्याच्या शेजारी उभा राहून म्हणाला. वर्षभर दोघे भाऊ असेच आईमार्फत बोलत होते.

दुकान एक आणि छपाया दोन. थोरला चौकटीला ताणलेल्या जाळीतून शाई ओढायचा, वडिलांनी शिकवली तशी. धाकट्याने यंत्र आणलं होतं. नाव फिल्मवर छापायचं, फिल्म शर्टावर ठेवायची आणि तापलेल्या प्रेसखाली दाबायची. थोरला त्याला 'चिकटपट्टी' म्हणायचा, तेही गिऱ्हाइकांसमोर. धाकटा थोरल्याला 'रंगारी' म्हणायचा.

शेवटी आईच कावली. मुलांच्या एका संस्थेची बाई चौकशीला येणार होती. दर तीन महिन्यांनी चाळीस शर्ट, प्रत्येकावर वेगळं नाव.

"हे काम ज्याला मिळेल त्याचं दुकान," आई म्हणाली. "दुसऱ्याने आपलं सामान उचलायचं. माझे कान किटलेत."

थोरला मनात हिशेब करू लागला. पन्नाशीला टेकलेला माणूस, जाळीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. जाणार कुठे?

बाई आली ती घाईतच. दोन्ही नमुने तिने बोटांनी चाचपले.

"धुतल्यावर काय होतं? किती धुण्यांत जाईल?"

"जाईल?" थोरला हसला. "मॅडम, कापड फाटेल, अक्षर हलणार नाही."

"आई, चाळीस नावांना चाळीस चौकटी करणार का हा?" धाकटा फणकारला. "मॅडम, हा म्हातारा होईल तोवर. माझ्या यंत्रावर नाव पाच मिनिटांत उमटतं. आणि तेही पक्कं."

"आमचं असं आहे की, ही मुलं..."

"मुलं आपटतील, लोळतील, सगळं कळतं मला," थोरल्याने तिला तोडलं. "मी अक्षरांच्या चौकटी करून ठेवीन आणि एकेक जुळवून छापीन. त्या चिकटपट्टीचं मात्र मला विचारू नका."

"आई, याचं तोंड आवर!"

बाईने पुन्हा तोंड उघडलं, पण तोवर दोघांची आईमार्फत चांगलीच जुंपली होती. तिने कपाळाला हात लावला. "उद्या प्रत्येकी एक शर्ट तयार ठेवा. मी वीसदा धुऊन बघते. मग सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा फिल्म कापायला आत गेला. आई दोरीवरच्या शर्टांपलीकडे बसून निघालेले धागे कातरत होती. प्रेस तापत होता. थोरला सहज गेल्यासारखा तिकडे गेला आणि त्यावरचा उष्णतेचा आकडा चाळीसने खाली आणला. एवढ्या उष्णतेवर फिल्म चिकटते, दिसतेही झकास, पण तिचा गोंद कापडात मुरत नाही. धाकट्याने घाईघाईत आकडा पाहिलाच नाही. शर्ट दाबला, घडी घातली आणि बाईच्या हवाली केला. बाई गेल्यावर थोरल्याने आकडा पुन्हा जागेवर नेला.

पुढचे पंधरा दिवस त्याचा उत्साह काही औरच होता. धाकट्याचा कोपरा मोकळा झाला की तिथे शर्ट वाळवायची मांडणी ठोकायची, म्हणून त्याने मापंसुद्धा घेतली. सख्ख्या भावाला घालवतोय याचं त्याला वाईट वाटलं का? वाटलं, पण फार नाही.

बाई आली. तिने दोन्ही शर्ट टेबलावर पसरले. थोरल्याच्या शर्टावरचं नाव कालच छापल्यासारखं ठळक होतं. धाकट्याच्या शर्टावर काहीच नव्हतं.

धाकट्याचा चेहरा खर्रकन उतरला. "मॅडम, असं कधी झालं नाही हो..."

"अकराव्या धुण्यात पूर्ण निघालं," बाई म्हणाली.

"मी म्हटलं नव्हतं?" थोरला आता थेट धाकट्याशी बोलला, वर्षानंतर पहिल्यांदाच. "उचल तुझं यंत्र."

"थांबा हो! आज तरी मला बोलू द्या," बाई म्हणाली. "आमच्याकडे मुलं तीन-चार महिने असतात. मग कुणीतरी त्यांना घरी नेतं. शर्ट मागे राहतात. दुसऱ्याचं नाव असलेला शर्ट नवं मूल अंगाला लावत नाही, रडतं. मला जाणारंच नाव हवं होतं." तिने कोरा शर्ट धाकट्याकडे सरकवला. "काम तुमचं. फक्त अगदी असंच हवं, डाग न ठेवता निघणारं."

थोरल्याने मांडणीच्या मापांचा कागद खिशात कोंबला.

धाकट्याने शर्ट उलटसुलट केला. "आई, हे माझ्याकडून कसं झालं तेच मला कळत नाही गं. पुन्हा कसं करू?"

आईने कात्री खाली ठेवली.

"दादाला विचार. आकडा त्याने किती खाली आणला होता, ते त्यालाच ठाऊक."